सँ त्युबेरचं छप्पर

ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास या जुन्या चौकातून बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर एका रस्त्याला छप्पर आहे. काचेचं छप्पर. रस्ता 213 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि छप्पर 18 मीटर उंचीवर. गॅलरी रॉयाल सँ त्युबेर हे त्याचं नाव. इंग्रजी वळणाने वाचलं तर सेंट ह्यूबर्ट, शिकाऱ्यांचा संत. 1847 साली ही गल्ली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा मिलानची जगभर गाजलेली गॅलेरिया उघडायला अजून 20 वर्षं होती.

आकडे आधीच सांगून टाकले, कारण तिथे पोचल्यावर त्यातला एकही आठवत नाही. बाहेर पाऊस असतो. ब्रसेल्सचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता भुरभुरत राहतो आणि माणसाला हळूहळू भिजवतो. आपण छत्री सावरत, ओल्या फरश्यांवर पाय जपून टाकत कमानीतून आत शिरतो आणि छत्री मिटतो. आजूबाजूचे सगळेच छत्र्या मिटत असतात. ढकलायला दार नाही, चढायला पायरी नाही. आपण अजून रस्त्यावरच आहोत, फक्त या रस्त्यावर पाऊस पडत नाही. चाल आपोआप संथ होते. मोटारींचा आवाज मागे पडतो आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज वर जाऊन काचेखाली एकत्र होतो, त्यामुळे गर्दी असूनही गोंगाट वाटत नाही.

माझी मावसबहीण गेली कित्येक वर्षं ब्रसेल्सला असते. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा ती मला इथे घेऊन आली आणि आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "दुकानांकडे नंतर बघ. आधी वर बघ."

मी छपराकडे पाहिलं. अर्धगोल लोखंडी कमानी एकीमागे एक लांबवर गेलेल्या, इतक्या सडपातळ की हे लोखंड एवढी काच पेलतं कसं याचंच नवल वाटावं. काचेतून उतरणारा उजेड दुधाळ होता. त्याला सावली जवळजवळ नव्हतीच.

"अगं, तितक्या वर नको," ताई म्हणाली, "खिडक्या बघ."

दुकानांच्या वरच्या मजल्यांना खिडक्या होत्या, ओळीने, दोन्ही बाजूंना. एकीत पडदा अर्धवट ओढलेला. एकीत कुंडी. एकीत टेबलावरचा दिवा भर दिवसा चालू, आणि त्याच्यापुढे वाकलेलं कुणाचं तरी डोकं. इथे लोक राहतात. खाली चॉकलेटची, हातमोज्यांची, कातडी पिशव्यांची दुकानं, त्यांच्या वर घरं आणि सगळ्यांवर मिळून एकच काच. खिडकी उघडली की हवा येते ती या छपराखालच्या रस्त्यावरची. पावसाळी दिवसांत वाळत घातलेले कपडे कसे वाळत असतील, हा मुंबईकर प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो ताईला विचारलाही. तिला उत्तर माहीत नव्हतं. पण वर माणसं राहतात हे तिने मला सर्वांत आधी दाखवलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे. त्यानंतर मी तो रस्ता बाजार म्हणून पाहिलाच नाही.

या गल्लीची रचना झाँ-पिएर क्लुइसनार या वास्तुकाराची. बेल्जियम हा देशच तेव्हा नवा होता, 1830 साली स्वतंत्र झालेला. युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली प्रवासी वाफेची रेल्वे 1835 साली ब्रसेल्सहूनच मेखेलेनला धावली. लोखंड होतं, काच होती, कोळसा होता आणि पॅरिसकडे बघून आपणही काहीतरी करून दाखवावं ही ईर्षा होती. पॅरिसमध्ये अशा छपराच्या गल्ल्या 1800 सालच्या आगेमागेच सुरू झाल्या होत्या. त्या काळच्या रस्त्यांना पदपथ असा नसेच. चिखल, घोड्यांची लीद, अंगावर येणाऱ्या गाड्या. त्यातून चालायचं तर हौसेनं कोण चालणार? छपराच्या गल्लीने शहरी माणसाला पहिल्यांदा रमतगमत चालायची जागा दिली. मागून गाडी येते का हे न बघता दुकानाच्या काचेशी थांबून राहता येणं, ही त्या काळात केवढी मोठी सोय असेल!

क्लुइसनारच्या डोक्यात ही कल्पना 1830च्या दशकातच आली होती. बांधायला मात्र 1846 उजाडावं लागलं. मधली वर्षं गेली जमीन मिळवण्यात. आज जिथे हा उजेड आहे तिथे तेव्हा सँ त्युबेर नावाचाच एक अंधारा बोळ होता, फारसा नावाजलेला नव्हता, आणि त्याच्या आजूबाजूला दाटीवाटीने घरं होती. त्या घरांतली माणसं उठवल्याशिवाय छपराचा रस्ता होणार नव्हता. पामेल नावाच्या न्हाव्याची गोष्ट या गल्लीच्या इतिहासात हटकून सांगितली जाते. त्याने जागा सोडायला नकार दिला. शेवटपर्यंत दिला. आणि काहीच चालेना तेव्हा त्याने स्वतःचाच गळा चिरून घेतला. शेजारच्या एका बाईने तर घर सोडावं लागणार या धसक्यानेच प्राण सोडला, असंही सांगतात.

हे ऐकून मी खरंच थांबले. गिरगाव-लालबागच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या हातात रोज वस्तरा, ज्याच्या दुकानात गल्लीतली सगळी माणसं येऊन बसणार, बोलणार, त्याला तुम्ही दुसरीकडे नेऊन ठेवाल तर तो न्हावी राहील कसा? नव्या जागेत खुर्ची जाईल, आरसा जाईल, गिऱ्हाईक कुठून जाईल? गल्लीच्या दर्शनी भागावर लॅटिनमध्ये कोरलं आहे, सर्वांसाठी सर्व काही. ते वाचताना मला पामेल आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे असं मला वाटतं. सुंदर जागेवर प्रेम करायचं तर ती कुणाच्या घरावर उभी आहे हे माहीत असायला हवं. त्याने ते प्रेम उणावत नाही, माझं तरी उणावलं नाही.

6 मे 1846 रोजी राजा पहिल्या लिओपोल्डने पायाचा दगड बसवला आणि 20 जून 1847 रोजी उद्घाटन झालं. जमिनीसाठी इतकी वर्षं आणि बांधकाम वर्ष-सव्वा वर्षात. त्या वर्षांत कार्ल मार्क्स ब्रसेल्समध्येच राहत होता. तो इथून कधी चालत गेला असेल का, दुकानांच्या काचांसमोर उभा राहिला असेल का, असे विचार मनात येतातच.

क्लुइसनारने एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. गल्लीचे दोन मुख्य भाग आहेत, राणीची गॅलरी आणि राजाची गॅलरी, आणि राजाच्या गॅलरीतून बाजूला फुटणारी राजपुत्रांची छोटी गॅलरी. राजा आणि राणी यांच्या मधून एक जुना उघडा रस्ता आडवा जातो, र्यू दे बुशे, म्हणजे आपली खाटीक आळी. आता तिथे शिंपल्यांची आणि माशांची खाणावळं आहेत. या ठिकाणी खांबांची एक रांग आहे आणि इथेच गल्ली किंचित वळते. वळण इतकं थोडं की चालताना पायांना कळत नाही. पण त्यामुळे एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसत नाही. सगळं एका नजरेत दिसलं असतं तर माणूस टोक गाठायला निघाला असता. इथे पुढे काय आहे ते दिसत नाही म्हणून आपण पुढे जात राहतो. या एका वळणासाठी मी क्लुइसनारला मोठा वास्तुकार म्हणेन.

राणीच्या गॅलरीत नॉयहाउसचं दुकान आहे. झाँ नॉयहाउस हा मूळचा स्वित्झर्लंडचा माणूस. त्याने 1857 साली इथे दुकान थाटलं ते चॉकलेटचं नव्हतं. औषधांच्या जोडीने मिठाई विकणारं ते दुकान होतं, खोकल्याच्या गोळ्या, ज्येष्ठमधाच्या वड्या असलं काहीबाही. पुढे त्याच्या नातवाने, त्याचंही नाव झाँच, 1912 साली चॉकलेटच्या कवचात सारण भरून प्रालिन बनवलं, आणि 1915 साली नातसून लुईझ आगोस्तिनीने त्यासाठी खास खोका तयार केला, बालोतँ. त्याआधी ही चॉकलेटं कागदाच्या पुडीत मिळत आणि तळची चिरडून जात. आज बेल्जियममध्ये जिथे जाल तिथे हाच खोका दिसतो.

तो खोका भरताना मी जवळून पाहिला. काउंटरमागच्या बाईंनी पांढरे सुती हातमोजे घातले होते. आम्ही बोट दाखवायचं, त्या एकेक प्रालिन दोन बोटांत उचलायच्या, चिमटीत धरल्यासारखं नाही, फुलाखाली बोट धरावं तसं. जड, चौकोनी प्रालिनं आधी तळाला लावली. एक थर भरला की त्यावर बेताचा कापलेला कागद. मग दुसरा थर. नाजूक, वर अर्धा अक्रोड किंवा उभी पाकळी असलेली प्रालिनं सगळ्यांत वरच्या थरात. जागा उरली तर हलवून बसवायचं नाही, त्या पोकळीत मावेल असं एखादं लहानसं शोधायचं. मग चारी पाळ्या मिटल्या, सोनेरी फीत बांधली, फितीची टोकं कात्रीच्या पात्यावरून ओढून कुरळी केली. रांगेत आमच्यामागे बरेच लोक होते. बाईंनी एकदाही घाई केली नाही आणि रांगेतल्या कुणीही उसासा टाकला नाही.

हातमोज्यांच्या दुकानात मी काही घेतलं नाही, मुंबईत हातमोजे घालून जाणार कुठे! पण काचेशी बराच वेळ उभी राहिले. आत एक म्हातारे गृहस्थ हात पुढे करून बसले होते आणि दुकानदार बाई त्यांच्या एकेका बोटावरून कातडं खाली सरकवत होती, करंगळीपासून सुरुवात करून. अंगठा सर्वांत शेवटी. मग त्यांनी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. मान हलवली. जमलं नव्हतं. दुसरा जोड निघाला. एका हातमोज्यासाठी दोन माणसं इतका वेळ देतात हे मला फार आवडलं. एवढा वेळ देता येतो कारण समोरचा रस्ता कोरडा आहे, उजेड भरपूर आहे आणि कुणालाही कुठे पळायचं नाही.

या गल्लीची आणखी एक प्रसिद्ध खरेदी आहे. 10 जुलै 1873 रोजी पॉल व्हर्लेन हा फ्रेंच कवी इथल्या बंदुकांच्या दुकानात आला आणि त्याने पिस्तूल विकत घेतलं. त्याच दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत त्याने आपल्या मित्रावर, कवी आर्थर रँबोवर, दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या मनगटाला लागली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. ते पिस्तूल 2016 साली पॅरिसच्या लिलावात 4,34,500 युरोंना विकलं गेलं. वाटाडे ही गोष्ट मोठ्या रंगात सांगतात आणि पर्यटक डोळे मोठे करून ऐकतात. मला तिच्यात रमता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलावर दारूच्या भरात गोळी झाडणं यात काव्य कुठे आहे?

मला जास्त जवळची वाटते ती राजपुत्रांच्या गॅलरीत राहून गेलेली ज्युलिएत द्रुए, फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची प्रेयसी. 1851च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली, व्हिक्टर ह्यूगोच्या जिवाला धोका निर्माण झाला आणि तो एका कामगाराच्या नावाचं पारपत्र घेऊन ब्रसेल्सला पळून आला. त्याला लपवण्यात, निसटून जाऊ देण्यात ज्युलिएतचा मोठा हात होता. मागाहून ती आली, आणि येताना त्याच्या हस्तलिखितांची पेटी सोबत घेऊन आली. पुढे जगभर पोचलेल्या त्याच्या कादंबरीचा अर्धामुर्धा खर्डा त्या कागदांत होता. ह्यूगो ग्राँ प्लासवर राहत होता, ज्युलिएत इथे, छपराखाली. पेटी हरवली असती, सरहद्दीवर कुणी उघडून बघितली असती, तर? वरच्या खिडक्यांकडे बघत मी बराच वेळ तिचा विचार करत होते. त्या खिडक्यांमागे एक बाई आपल्या माणसाची वाट बघत बसली असेल आणि तिच्या खोलीला थेट आभाळ दिसत नसेल, काचेतून गाळून आलेलं दिसत असेल.

राजपुत्रांच्याच गॅलरीत आता त्रोपिझ्म हे पुस्तकांचं दुकान आहे, 1984पासून. जागा आधी जॅझ ऐकायला येणाऱ्यांची होती. खांब, सोनेरी नक्षी, आरसे आणि त्या सगळ्यात फ्रेंच पुस्तकांच्या उतरंडी. ताई तिथे शिरली की तास-दोन तास बाहेर येत नाही, म्हणून भाऊजी आधीच समोरच्या कॅफेत जाऊन बसतात. मीही त्यांच्याबरोबर बसले. कॉफीबरोबर बशीत एक दालचिनीचं बिस्कीट येतं. शेजारच्या टेबलावर एक आजीबाई एकट्याच बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. रिकामा कप कधीचा पुढे पडला होता आणि वेटर त्यांच्या आजूबाजूने ये-जा करत होता, पण "आणखी काही?" असं त्याने विचारलं नाही.

भाऊजी इंजिनिअर. ते म्हणाले, "मला इथे आलं की एकच प्रश्न पडतो, ही काच पुसतं कोण?"

मग आम्ही त्याबद्दलच बोलत राहिलो. काचेचं छप्पर ही बांधून मोकळं होण्याची गोष्ट नाही. धूर बसतो, पानं साठतात, पक्षी आहेतच. लोखंड गंजतं. उन्हाने पसरतं, थंडीने आकसतं, त्याबरोबर काचेच्या कडा हलतात आणि एखाद्या फटीतून पाणी आत येतं. माझं आजोळ कोकणातलं. मृग लागायच्या आधी घर शाकारायचं म्हणजे काय असतं ते मी लहानपणी पाहिलं आहे. वर चढलेला गडी एकेक कौल उचलून बघायचा, फुटकं खाली टाकायचा, आजोबा खालून नवं वर द्यायचे आणि आजी अंगणात उभी राहून "त्या कोनावरचं बघितलंस का रे?" म्हणून ओरडायची. एका वर्षी ते राहिलं तर दुसऱ्या वर्षी वासा कुजलेला निघायचा. सँ त्युबेरची काच गेली पावणेदोनशे वर्षं कुणीतरी तशीच दर वर्षी बघत आलं आहे. कधी चांगली, कधी हयगयीने, पण बघत आलं आहे.

हे शक्य झालं याचं एक कारण असं, की सगळी इमारत एकाच मालकीची राहिली. गल्ली बांधण्यासाठी 1845 साली जी कंपनी काढली तीच आजही तिची मालक आहे. दुकानं भाड्याने, घरं भाड्याने, पण छप्पर एकाच्या अंगावर. 1986 साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, 1990च्या दशकात मोठी डागडुजी झाली, 2008 साली बेल्जियमने तिचं नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातलं. पण नुसत्या दर्ज्याने इमारती टिकत नाहीत हे आपण मुंबईत रोज बघतो. ही टिकली कारण ती वापरात राहिली, आणि बांधताना ज्यासाठी बांधली त्यासाठीच राहिली. 1847 साली इथे दुकानं होती, घरं होती, कॅफे होते, नाटकाचं थिएटर होतं. आजही आहेत. थिएटरची जागा तीच, आतला भाग 1951 साली नव्याने उभा राहिला आणि त्याच्या छतावर रने मॅग्रीत या बेल्जियन चित्रकाराने आभाळ रंगवलं, ढगांसकट. काचेच्या छपराखाली आणखी एक छप्पर आणि त्यावर रंगवलेलं आभाळ. अशी गंमत सुचायला मॅग्रीतच हवा.

राजाच्या गॅलरीत मात्र मला अगदी घरचं कुणीतरी भेटलं.

1 मार्च 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा बेल्जियममधला पहिला जाहीर खेळ इथे झाला. राजाच्या गॅलरीत एका वर्तमानपत्राची जागा होती, तिथे. तो तपशील ऐकला आणि मी ताईचा हात घट्ट धरला. कारण त्याच वर्षी, 7 जुलैला, ल्युमिएर बंधूंचा माणूस ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत थांबला होता, आणि त्याने वॉटसन हॉटेलात तीच हलती चित्रं दाखवली होती. तिकीट एक रुपया. हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ तो. त्या दिवसांतल्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते असं चित्रपटाचा इतिहास सांगतो. आपले सावेदादा, फोटोग्राफर. ते बघून त्यांनी कॅमेरा मागवला, 1899 साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं आणि 1901 साली केंब्रिजहून सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजप्यांचं मुंबईतलं स्वागतही टिपलं. आपल्याकडच्या सिनेमाची गोष्ट इथून सुरू होते.

आणि वॉटसनची इमारत कशाची? लोखंडाची. काळा घोड्याला आजही उभी आहे, एस्प्लनेड मॅन्शन या नावाने. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने मुंबईला आणून, 1860च्या दशकात इथे जोडला. रचना रोलंड ऑर्डिशची. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड लोखंड-काचेच्या छपरावर काम केलेला हाच माणूस. हॉटेलच्या मधोमध चौक होता आणि त्यावर काचेचं छप्पर होतं. फोर्टात नोकरी करताना मी कितीतरी वर्षं त्या इमारतीखालून गेले आहे. तेव्हा ती हॉटेल नव्हतीच. खोल्याखोल्यांचे तुकडे पडून वकिलांची ऑफिसं झाली होती, जिन्यात फायलींचे गठ्ठे, खाली झेरॉक्सची आणि स्टॅम्पपेपरची दुकानं, कोर्टातून पळत येणारी माणसं. गलथान असेल, पण ती जागा जिवंत होती. नव्हतं ते छपराकडे बघणारं कुणी. जागामालक एक, भाडेकरू अनेक, भाडं नाममात्र, आणि गंज कुणाचाच नाही. 2005 साली एक भाग कोसळला. 2019 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने सगळी इमारत रिकामी केली. पाडून टाका म्हणणारे अहवाल आले, दुरुस्त होईल म्हणणारेही आले.

मी दुरुस्त होईल म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे. सँ त्युबेरमध्ये उभं राहून ही बाजू मला अधिकच पक्की झाली. तिथलं लोखंड वॉटसनच्या लोखंडापेक्षा वीस-एक वर्षांनी जुनं आहे. पाऊस तिथेही आहे. समुद्राची खारी हवा नाही हे मान्य, पण मुंबईत खाऱ्या हवेत उभी राहिलेली लोखंडी कामं कमी नाहीत. फरक मला दिसतो तो माणसांनी बघण्या-न बघण्याचा. सावेदादांनी जिथे पहिल्यांदा हलतं चित्र पाहिलं ती जागा महाराष्ट्रात, आपल्या डोळ्यांसमोर, पत्र्यांआड उभी आहे आणि आपल्या मुलांना तिचं नावही माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे सगळं मी त्या कॅफेच्या टेबलावर ताई आणि भाऊजींना सांगितलं. बहुतेक जरा मोठ्या आवाजात, कारण आजीबाईंनी वर्तमानपत्रातून मान वर करून पाहिलं.

"समजा, उद्या दुरुस्त झाली," ताई म्हणाली, "मग त्यात काय करशील? म्युझियम?"

"म्युझियम नको," मी म्हटलं. "खाली चहाचं दुकान, झेरॉक्सवाला त्याच्या जागी परत, मधल्या मजल्यांवर वकील, वर राहती घरं. आणि चौकात छोटं थिएटर, जिथे रोज संध्याकाळी जुना मराठी सिनेमा लागेल."

"आणि काचेची देखभाल?" भाऊजींनी विचारलं.

"थिएटरच्या तिकिटातून."

भाऊजींनी खिशातून पेन काढलं, बिस्किटाच्या कागदाची मागची बाजू सपाट केली आणि विचारलं, "खुर्च्या किती धरू?"

मी दीडशे म्हटलं, ताई म्हणाली शंभरच धर, आणि तिकीट किती ठेवायचं यावरून आमचं तिघांचं चांगलंच वाजलं.